पक्का ओव्हरटाइम

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पक्कीच्या हाताखालून तिसरी ट्रॉली चालली होती. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत वेळ ट्रॉल्यांवर मोजतात. रात्रभर वॉर्डांतून खाली आलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनवाल्यांचे हिरवे डगले, सगळं एका लांब पत्र्याच्या टेबलावर ओतायचं आणि निवडायचं. रक्ताचं वेगळं, औषधांच्या डागांचं वेगळं, नुसतं मळलेलं वेगळं. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. चादर झटकायची नाही, हळू उलगडायची, कारण घडीत काहीही असू शकतं. सुया निघतात, कात्र्या निघतात. एकदा अख्खी कवळी निघाली होती. आठवडाभर ती खिडकीत ठेवली, न्यायला कोणी आलं नाही.

"मालक हसायच्या अवस्थेत नसेल," टेबलाच्या पलीकडची बारकी म्हणाली होती. बारकी म्हणजे अंगानं काडी आणि तोंडानं तोफ. पक्कीला पक्की हे नावही तिनंच दिलेलं.

त्याला कारण होतं. या लॉन्ड्रीत ज्यादा पाळीचे दोन प्रकार चालत. एक कच्ची. कच्चीत शनिवारी संध्याकाळी मुकादम हातावर रोख टेकवणार, नेहमीच्याच दरानं, कुठेही नोंद नाही. दुसरी पक्की. तिच्यात मशीनवर अंगठा, पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ आणि दर दीडपट. नियमानं दुसरीच द्यायला हवी होती, पण ठेकेदाराला पहिली परवडायची आणि बायकांनाही रोख बरी वाटायची. महिनाअखेरीला दीडपट मिळण्यापेक्षा शनिवारी एकपट मिळालेलं कधीही चांगलं, हा हिशेब गरिबाला शिकवावा लागत नाही.

हिला मात्र पक्कीच हवी होती. दोन वर्षांपूर्वी ती रोज सुटीनंतर मुकादमाच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहायला लागली. चौथ्या दिवशी मुकादम वैतागला.

"बाई, तुझ्या घामाचा पुतळा उभारायचाय का?"

"पुतळा नको, साहेब. स्लिप द्या."

"रोख घे की. बाकीच्या काय वेड्या आहेत?"

"बाकीच्यांना बँकेत जायचं नाहीये. मला जायचंय."

मुकादमानं दिली. दिली म्हणजे उपकार केल्यासारखी दिली, आणि त्या बदल्यात ज्यादा पाळीला रोलरवरची जागा तिला दिली. रोलर म्हणजे दोन माणसांएवढा लांब तापलेला दंडगोल. ओली चादर एका बाजूनं भरायची, दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्रीची निघते. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे तव्याच्या कडेला उभं राहणं. तेव्हापासून बारकी म्हणायची, "आमची पक्की बघा. घाम कच्चा, पगार पक्का." नाव चिकटलं. खरं नाव आता फक्त स्लिपवर उरलं होतं.

बँकेत जायचं होतं लेकीसाठी. लेक एकच. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं. पाच वर्षांचा अभ्यास, कॉलेज आठ तासांवरच्या शहरात, वर हॉस्टेल. या पोरीला हे खूळ कुठून लागलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात वाढलेली मुलगी. पण दहावीत असताना तिनं त्याच दोन खोल्यांचा नकाशा काढला होता आणि एक भिंत दीड हात सरकवून तिसरी खोली दाखवली होती. बापानं तो नकाशा बघितला आणि विचारलं, "आणि भाडं कोण सरकवणार?" सगळे हसले. नंतर तिला प्रवेश मिळाला तेव्हा कोणी हसलं नाही.

फी बघून तर बोलणंच बंद झालं. पण त्या कॉलेजात एक सोय होती: घराचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर फी निम्मी. उरलेल्या निम्म्यासाठी बँक कर्ज देईल, मात्र पगाराच्या स्लिपा दाखवाव्या लागतील. हॉस्टेल, कागद, पुठ्ठे, रंग, जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्यानं बघायचा. पक्कीनं हे सगळं मुलगी अकरावीत असतानाच विचारून ठेवलं होतं. नवऱ्याचा पगार आणि तिचा पगार मिळून मर्यादेच्या साठ हजार खाली होता. म्हणजे साठ हजारांपर्यंत कमवायला जागा होती, त्यावर नाही. तिनं आठ महिने रोलरवर दुहेरी पाळ्या केल्या, एकोणपन्नास हजार जोडले, आणि वर्ष संपायला चार महिने असताना एका दिवसात थांबली.

मुकादम चकित झाला. "का गं? मागे लागून घेतलंस आणि आता नको?"

"नको."

"आजारी आहेस का?"

"नाही. पुरे झालं."

अकरा हजारांची जागा तिनं मुद्दाम मोकळी ठेवली. कुठे बोनस येतो, कुठे फरक येतो, सांगता येत नाही. हातचं काम सोडून घरी बसण्याची तिला सवय नव्हती. त्या चार महिन्यांत ती दुपारी तीनला घरी यायची आणि उगाच भांडी दोनदा घासायची. पैसे कमवता येत असताना न कमवणं हा काय प्रकार असतो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. श्रीमंत लोक याला विश्रांती म्हणत असावेत.

त्या सकाळी नऊच्या चहाला सगळ्या जणी बॉयलरच्या खोलीमागे बसल्या असताना लेकीचा फोन आला.

"आई, सवलत नामंजूर झाली."

"कसली नामंजूर?"

"फीची. उत्पन्न जास्त आहे म्हणतात."

"चुकलंय त्यांचं. पुन्हा बघ."

"बघितलं आई. अकराशे चाळीसनं जास्त आहे."

पक्कीनं चहाचा पेला खाली ठेवला. आकडा इतका लहान होता की खोटा वाटेना. खोटं बोलणारा माणूस मोठी चूक सांगतो. "माझं किती धरलंय?"

लेकीनं वाचून दाखवलं. पैसा न पैसा बरोबर.

"आणि बाबांचं?"

लेकीनं तेही वाचलं. नेहमीच्या पगारावर बारा हजार एकशे चाळीस. पुढे लिहिलं होतं, रविवारचा भत्ता, चार महिने.

"आई? आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. ठेव फोन. डोकं नको खाऊस."

बारकीनं विचारलं, "काय गं, कोण गेलं?"

"कोणी नाही," पक्की म्हणाली. "आम्ही वर गेलो."

तिचा नवरा एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता. पहाटेची पाळी सोडायला साडेचारला निघायचा, दुपारची पाळी आणायला पुन्हा जायचा, आणि रात्री साडेआठला उंबऱ्यावर बूट काढायचा. पक्की सकाळी साडेपाचला बाहेर. ज्या वर्षी ती दुहेरी पाळ्या करत होती त्या वर्षी नवरा-बायकोची गाठ घरात पडण्यापेक्षा जिन्यातच जास्त पडली. दोन पाळ्यांच्या मधे ती डबा न्यायला यायची तेव्हा एक वर, एक खाली. तेवढ्यात गॅस संपलाय, पोरीला ताप आहे, वीज भरली का, एवढी देवाणघेवाण व्हायची. मर्यादेची गोष्टही तिनं जिन्यातच सांगितली होती. "आपण मर्यादेच्या आत आहोत, काळजी करू नका," एवढीच. किती आत आणि ती जागा कुणाची, हे तिसऱ्या पायरीवर सांगायचं राहिलं.

त्या दिवशी ती वर चढत असताना तो खाली उतरत होता. कारखान्यात कुणाच्या तरी बदली कामाला निघाला होता.

"थांबा," ती म्हणाली.

"उशीर झालाय गं."

"रविवारी तुम्ही कुठे जात होता?"

"कामाला. सांगितलं होतं ना, रविवारीही बोलावतात म्हणून."

"मला वाटलं बदली सुट्टी मिळते."

"बदली सुट्टी घेऊन काय करू? झोपू? दुप्पट पैसे मिळत होते." मग त्याचा चेहरा थोडा उजळला. इतके महिने जपून ठेवलेली गोष्ट सांगायची वेळ आली असं त्याला वाटलं. "लॅपटॉप कशाचा आला मग? पहिला हप्ता त्यातलाच. तुला सांगणार होतो, पण तू आधीच थकली होतीस."

"मी थकले होते?"

"चार महिने ओव्हरटाइम बंद केलास. तू. म्हटलं, आता हिच्या अंगात राहिलं नाही. बोलून दाखवणार नाही, तशी तू आहेस. म्हणून म्हटलं, आता आपण लावू जोर."

पक्की कठड्याला धरून उभी राहिली. ती थांबली म्हणून त्यानं सुरू केलं होतं. मर्यादा ओलांडू नये म्हणूनच खरं तर ती थांबली होती. एकाच भांड्यातली तीच जागा दोघांनी आपापल्या हातानं भरली आणि दूध उतू गेलं. त्याच रविवारच्या पैशांतून आलेल्या लॅपटॉपवर सकाळी नकार उघडला होता.

तिनं त्याला सांगितलं. अकराशे चाळीस म्हणताना तिचा आवाज चढला. खालच्या मजल्यावरचं दार किंचित उघडलं आणि उघडंच राहिलं.

"मला काय माहीत!" तो म्हणाला. "मला सांगायचंस की, इतकीच जागा आहे म्हणून."

"सांगितलं होतं, आत आहोत."

"आत आहोत म्हणजे जागा आहे असंच ना? माणूस काय समजणार?"

"विचारायचं."

"कधी? तू झोपलेली असताना की मी झोपलेला असताना?"

 तिनं कठडा सोडला. "दुसऱ्या बाया नवरा दारू पितो म्हणून रडतात. माझा नवरा काम करतो म्हणून मी रडू?"

खालच्या दारातून कुणीतरी हसू दाबलं. नवऱ्यानं घड्याळ बघितलं आणि उतरायला लागला. वळणावर थांबून म्हणाला, "मालकाला सांगतो, ते चार महिन्यांचे पैसे परत घ्या म्हणून." तो हे गंभीरपणे म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच विचारलं. मालकाच्या हिशेबनिसानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डोक्यावर काही परिणाम झालाय का ते हळूच विचारलं.

उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या कार्यालयात पक्की स्वतः गेली. काचेमागचा कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन्ही स्लिपा पुन्हा लावून बघितल्या, बेरीज पुन्हा केली, जीभ टाळ्याला लावून 'च्च' असा आवाज काढला.

"थोडक्यात गेलं हो, ताई."

"काही करता येतं का?"

"आता नाही. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज. तेव्हा आत असलात तर मिळेल."

"आणि हे वर्ष?"

"हे वर्ष पूर्ण फी." त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो काचेच्या भोकाशी वाकून हळू म्हणाला, "दोघांपैकी एकानं शेवटचे दोन महिने काम सोडलं असतं ना, तर सहज आत बसला असता तुम्ही."

मदत म्हणून दिलेला सल्ला होता. मागची रांग ढकलत होती. पक्की बाजूला झाली.

बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं ते निम्म्या फीचं. वाढवायचं तर तारण हवं. तारण म्हणजे घर, आणि घर भाड्याचं. पैसे भरायला आठ दिवस होते. आठ दिवसांत पैसे देईल असा माणूस ओळखीत एकच होता, आणि त्याच्याकडे जायचं नाही असं पक्कीनं वीस वर्षं पाळलं होतं.

तिचा धाकटा भाऊ. बांधकामाच्या सामानाचं दुकान, वर राहायला दोन मजले, दारात गाडी. लहानपणी शेंबूड पुसायला तिच्याच मागे यायचा. घरचे सगळे त्याला बाळ्या म्हणत, आणि पोट सुटलं, केस गेले तरी तो बाळ्याच राहिला होता. त्याचा मुलगाही मागच्याच वर्षी कॉलेजात गेलेला.

रविवारी ती गेली. भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत बसला होता. वर बायको होती, ती खाली आली नाही, वरून आवाज आला, "ताई आल्यात का? चहा पाठवते हं." भावजयीच्या त्या 'हं'मध्ये चहाशिवाय काही मिळणार नाही हे पुरेसं कळत होतं.

पक्कीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. भाऊ ऐकत राहिला आणि शेवटी मांडीवर थाप मारून हसला.

"अगं ताई, कागदावर तू माझ्यापेक्षा श्रीमंत आहेस!"

"म्हणजे?"

"माझ्या पोराला निम्मी फी आहे. सवलत."

पक्कीनं वर बघितलं. छताला नवं पांढरं काम केलेलं होतं, कडेला नक्षी. "तुला?"

"दुकानदाराचं उत्पन्न म्हणजे तो सांगेल ते. यंदा धंदा मंद, उधारी बुडाली, पावसानं सिमेंट गेलं. काय खोटं आहे त्यात? गेलंच होतं सिमेंट. दोन पोती." तो पुन्हा हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "तू एवढी हुशार, आणि स्लिपा काय गोळा करत बसलीस! आम्हाला विचारायचंस. कमवायचं पोटभर आणि दाखवायचं चिमूटभर."

"मला दाखवायचं होतं," पक्की म्हणाली.

"कुणाला?"

 बँकेला, हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं होतं की अठरा वर्षं तिनं लोकांची घाण धुतली होती आणि कुठेतरी ते लिहिलेलं असावं असं तिला वाटत होतं. ते आता लिहिलं गेलं होतं. त्याच लिहिण्यावर बोट ठेवून सरकारनं तिला सांगितलं होतं की बाई, तुमचं बरं चाललंय.

"पैसे देतो," भाऊ म्हणाला. "व्याज नको, कागद नको. आपल्यात कसले कागद?"

"मला कागद चालेल."

"तुला चालेल गं. मला नको. उद्या कुणी विचारलं, एवढी रोख आली कुठून, तर मी काय सांगू? पोती सुकली?" मग तो खुर्चीत पुढे सरकला. "एक करशील का?"

इतक्या वर्षांत त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून ती सावध झाली.

"आईला घेऊन जा तुझ्याकडे."

आई म्हणजे दोघांची आई. सत्त्याहत्तरची. या घरात मागच्या खोलीत राहायची. गेल्या वर्षभरात ती विसरायला लागली होती. दोनदा गॅस चालू ठेवून अंगणात बसली होती, एकदा भर दुपारी रस्त्यावर जाऊन स्वतःच्या लग्नाआधीच्या घराचा पत्ता विचारत होती. तिच्यामागे दिवसभर माणूस लागत होतं.

"कायमची नाही," भाऊ म्हणाला. "आपलं, वर्षभर. हिचे गुडघे दुखतात, हिला झेपत नाही. आणि लेकीकडे आईला करमेल."

"माझ्या घरात दिवसभर कोण असतं रे? मी साडेपाचला जाते. ते साडेचारला."

"शेजार आहे की. आणि तुझी मुलगी गेल्यावर एक खाट रिकामीच आहे."

त्यानं खाटेपर्यंत विचार केला होता. पक्कीनं चहा प्यायला नाही. वरून तो आलाही नव्हता.

ती आईला भेटायला मागच्या खोलीत गेली. म्हातारी खाटेवर पाय सोडून बसली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद. तिनं लेकीकडे बघितलं आणि नाव बरोबर घेतलं. खरं नाव, स्लिपवरचं.

"आलीस? आज निघायचं का उद्या?"

"कुठे?"

"तुझ्याकडे. बाळ्या म्हणाला, तू न्यायला येणारेस."

खाटेखाली पिशवी भरून ठेवलेली होती. औषधांचा डबा, दोन शाली, चष्म्याचं घर, सगळं नीट लावून वर गाठ मारलेली. गाठीवर धूळ होती. म्हणजे पिशवी आजची नव्हती. सौदा कधीच ठरला होता, गिऱ्हाईक तेवढं यायचं होतं.

पक्की दुकानात परत आली. "येत्या शनिवारी," ती म्हणाली. "मुलगी ज्या दिवशी जाईल त्या दिवशी."

"टेम्पोनं पाठवतो," भाऊ म्हणाला. "तू कशाला खाडे करतेस?" आणि गल्ल्यातून नव्हे, आतल्या कपाटातून पैसे आणले. मोजताना बोटाला थुंकी लावत होता. पक्कीनं पुन्हा मोजले. त्याच्यासमोर.

घरी लेकीला दोन गोष्टी एकदमच सांगाव्या लागल्या. लेक जमिनीवर पसरलेल्या कागदांवर पालथी पडून काहीतरी आखत होती. ऐकता ऐकता उठून बसली.

"आजी एकटी राहणार इथे? दिवसभर?"

"शेजारच्या काकू बघतील मधूनमधून."

"आई, ती गॅस चालू ठेवते!"

"गॅसचं बटण खालून बंद करून जाऊ."

"आणि बाहेर गेली तर?"

"कडी बाहेरून लावू."

लेक तिच्याकडे बघत राहिली. "तू ऐकतेयस का तू काय बोलतेयस? मी नाही जात. इथल्याच कॉलेजात काहीतरी घेते. संध्याकाळी नोकरी करते. मी कधी म्हटलं होतं तुम्हाला, मरा माझ्यासाठी?"

"कोणी मेलेलं नाही. ओरडू नकोस."

"मामाला सवलत आणि आपल्याला नाही. आणि त्याचे पैसे घेऊन त्याचीच आई आपण सांभाळायची!"

"त्याचीच नाही. माझीपण आहे."

"मग इतकी वर्षं का नाही आणलीस?"

हा प्रश्न तिनं रागात फेकला होता, पण तो लागायचा तिथे लागला. पक्कीनं कागदांवरून वाकून एक कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "इतकी वर्षं खाट रिकामी नव्हती."

 खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, घरघर करून पुन्हा बंद पडत होती.

"फी भरलीय मी," पक्की म्हणाली. "येताना सायबर कॅफेत, ऑनलाइन. परत मिळत नाही ती. आता तू गेली नाहीस तर फीही गेली, मामाचे पैसेही गेले, आणि आजी तरीही येणारच. तेव्हा जायचं. नाक मुरडत जा, रडत जा, मला शिव्या देत जा. पण जा."

 लेक पट्टी उचलून पुन्हा रेघ मारायला लागली. "जात नाही" असं ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. पक्कीनं ते लक्षात ठेवलं. कुठल्या खात्यावर ठेवलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्या रात्री नवरा-बायकोनं वीस वर्षांत पहिल्यांदा जेवणानंतर समोरासमोर बसून बोलणं केलं. पुढच्या वर्षी मर्यादेच्या आत राहायचं. त्यासाठी नवऱ्यानं रविवार सोडायचे. पण मामाचे पैसे फेडायचे, हॉस्टेलचा महिना भरायचा, लॅपटॉपचे हप्ते उरलेले; तेव्हा पैसे तर हवेत, फक्त दिसायला नकोत. बोलून झाल्यावर नवरा म्हणाला, "आपल्याला गरीब राहायला किती मेहनत करावी लागतेय बघ." ती हसली नाही. त्यानंही पुन्हा म्हणून बघितलं नाही.

सोमवारी सुटीनंतर पक्की मुकादमाच्या केबिनबाहेर उभी राहिली.

"आता काय?" मुकादम म्हणाला. "पुन्हा सुरू करायचाय ओव्हरटाइम?"

"हो. कच्चा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कच्चा? तू?"

"शनिवारी रोख. स्लिपवर नको."

"दर एकपटच मिळेल. माहितीये ना?"

"माहितीये."

"जागा रोलरवरचीच राहील."

"राहू दे."

मुकादमाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तो जरा गोंधळलाच. दोन वर्षांपूर्वी या बाईनं त्याला नियम वाचून दाखवला होता. आता तीच येऊन म्हणत होती, नियम राहू द्या बाजूला. त्यानं तोंडी होकार दिला. लिहायचं काही नव्हतं.

बारकीनं दोन दिवसांत बातमी काढली. निवडायच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं पक्की, आमच्यात आलीस अखेर? आता तुला काय म्हणायचं?" दोघीतिघी हसल्या. पक्कीच्या हातात बाळंतिणीच्या खोलीतली चादर होती. तिनं ती उलगडली, चारही कोपरे चाचपले, आणि रक्ताच्या ढिगावर टाकली. बारकीला वाटलं, आता ही काहीतरी उलटून बोलणार. तिनं पुढची चादर ओढली, तेव्हा बारकी स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. हात चालव." आणि तिच्या ट्रॉलीतल्या निम्म्या चादरी आपल्या बाजूला ओढून घेतल्या.

आज शुक्रवार. लेकीच्या दोन बॅगा दाराशी आहेत, तिसऱ्या पिशवीत गुंडाळलेले नकाशे. पक्कीनं शनिवारची रजा मागितली होती. कच्ची पाळी घेणारीला रजा नसते, हे मुकादमानं तिला समजावून सांगितलं. नवऱ्याची पहाटेची पाळी शनिवारीही असते. म्हणून आज संध्याकाळीच त्यानं लेकीला बसस्टॉप कुठला, बस कुठे थांबते, डाव्या बाजूला बसायचं म्हणजे ऊन लागत नाही, हे दोनदा सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, मला नकाशा वाचता येतो." मग खाटेवरची गादी तिनंच उलटी करून घातली आणि भिंतीकडची बाजू पुसून काढली.

उद्या लेकीची बस सात वीसला आहे. आजीला घेऊन मामाच्या दुकानाचा टेम्पो साडेआठला येईल. दार शेजारच्या काकू उघडतील आणि आजीला आत बसवून, बाहेरून कडी लावून दहाच्या आधी आपल्या कामाला जातील. पक्कीची पहिली पाळी दुपारी दोनला संपते, दुसरी रात्री दहाला.